निंदणाच्या दिवसांतला उपास

श्रावण आणि निंदण एकाच वेळी येतात. पावसानं जरा उघडीप दिली की कापसातलं, सोयाबीनमधलं तण काढायला बायांना वावरात जावंच लागतं, आणि नेमका त्याच महिन्यात सोमवारही असतो, शनिवारही असतो. गुरुवार तर बारमाही, कारण शेगावचे गजानन महाराज वऱ्हाडातल्या घराघरांत आहेत. मग हरतालिका येते, काही घरांत तीही निर्जळी. नवरात्राचे नऊ दिवस येतात तेव्हा सोयाबीन सोंगणीला आलेलं असतं. मार्गशीर्षात महालक्ष्मीचे गुरुवार येतात तेव्हा कापसाचा वेचा भरात असतो आणि मजुरी किलोवर मिळते, म्हणजे हात मंदावला की पैसा कमी. विदर्भातल्या शेतमजूर बाईचं पंचांग आणि तिच्या कामाचे महिने शेजारीशेजारी मांडून पाहावेत. सगळ्यात जास्त उपास सगळ्यात जास्त कष्टाच्या दिवसांत येतात.

हे आजवर असंच चालत आलं आणि त्यावर कोणी फारसं बोललं नाही. आता मात्र त्याला नवं पाठबळ मिळालं आहे. सोळा तास उपाशी राहा, दोनदाच जेवा, जितकं कमी खाल तितकं जास्त जगाल, असे व्हिडिओ गावातल्या प्रत्येक मोबाइलवर येतात. सप्ताहातल्या कीर्तनातही शास्त्रज्ञांचे दाखले येऊ लागले आहेत. उपवासानं शरीरातली घाण जळते, यावर नोबेल मिळालं, आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं, असं सांगितलं जातं. ऐकणाऱ्या बाया मान डोलावतात. त्या जन्मभर जे करत आल्या त्याला कोणीतरी मोठेपण देत असतं, मग त्यांना ते का आवडू नये?

माझी या सल्ल्याबद्दल गंभीर तक्रार आहे. ज्याच्या ताटात गरजेपेक्षा जास्त आहे आणि ज्याचा दिवस खुर्चीवर जातो, त्याला कमी खा म्हणून सांगणं बरोबर असू शकतं. दिवसभर वाकून तण काढणाऱ्या, अंगात रक्त कमी असलेल्या बाईला तोच सल्ला आयुष्य वाढवण्याच्या नावानं देणं चूक आहे. त्यातून तिचं नुकसान होतं, आणि तिच्या पोटातल्या लेकराचंही होतं.

शास्त्राचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं, म्हणून आधी तेच पाहू. २०१६ मध्ये जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. पेशी उपाशी पडली की स्वतःतलेच जुने, बिघडलेले भाग मोडून वापरते, ही क्रिया कशी चालते ते त्यांनी उलगडलं. काम थोर आहे. पण ते त्यांनी यीस्टवर, म्हणजे पाव फुगवायला वापरतात त्या किण्वावर केलं. माणसानं किती तास उपाशी राहावं आणि त्यानं आयुष्य किती वाढतं, याचं उत्तर त्या संशोधनात नाही. ते उत्तर मागाहून चिकटवलेलं आहे.

कमी खाण्यानं आयुष्य वाढतं ही कल्पना त्याहून जुनी. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ मध्ये दाखवलं, की जीवनसत्त्वं आणि क्षार पुरेसे देऊन फक्त उष्मांक कमी केले तर पांढरे उंदीर जास्त जगतात. यातलं पहिलं अर्ध वाक्य गावात पोचतच नाही. पोषण पुरेसं ठेवून अन्न कमी करणं आणि नुसतं अन्न कमी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला पैसा लागतो, दूध लागतं, फळं लागतात, डाळ लागते.

पुढे अमेरिकेतच माकडांवर दोन ठिकाणी दीर्घ प्रयोग झाले. विस्कॉन्सिनच्या गटानं २००९ मध्ये सांगितलं, कमी खाणारी माकडं जास्त जगतात. तिथल्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेनं २०१२ मध्ये सांगितलं, आम्हाला आयुष्यात फरक दिसला नाही. दोन्हींकडे तुलनेला ठेवलेल्या माकडांचं खाणं वेगळं होतं. विस्कॉन्सिनमध्ये ती हवं तितकं खात होती आणि त्यांच्या खाण्यात साखर बरीच होती. दुसरीकडच्या माकडांचं खाणं मुळात बरं आणि बेताचं होतं. दोन्ही गटांनी २०१७ मध्ये माहिती एकत्र तपासली आणि कमी खाण्याचा एकंदर फायदा मान्य केला, पण तो कोणत्या वयात आणि कशाच्या तुलनेत, यावर अवलंबून असल्याचंही नोंदवलं. माझ्या मते सगळी गोष्ट त्या तुलनेत आहे. जास्त आणि गोड खाणाऱ्याचं ताट कमी केलं तर फरक दिसतो. आधीच बेताचं खाणाऱ्याचं ताट आणखी कमी करून काय मिळणार?

२०२४ मध्ये ९६० उंदरांवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासात, सगळ्यांत कमी खायला दिलेले उंदीर सरासरीनं सगळ्यांत जास्त जगले. उपासवाले हे आनंदानं सांगतात. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. कमी खायला देऊनही ज्यांचं वजन टिकून राहिलं ते जास्त जगले, आणि ज्यांचं वजन झपाट्यानं उतरलं ते त्यांच्यापेक्षा लवकर मेले. शिवाय जन्मानं मिळालेल्या गुणांचा वाटा खाण्यापेक्षा मोठा निघाला. हे उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात, ठरावीक तापमानात वाढलेले होते. त्यांना मलेरिया नव्हता, जंत नव्हते, डोक्यावर पाण्याची गुंडी नव्हती.

माणसांवरचे प्रयोग थोडे आहेत आणि आयुष्य किती वाढलं हे त्यांतून कळलेलं नाही, कारण तितकी वर्षं माणसांना प्रयोगात ठेवता येत नाही. अमेरिकेत निरोगी, लठ्ठ नसलेल्या माणसांवर दोन वर्षांचा प्रयोग झाला. त्यांनी पंचवीस टक्के कमी खायचं ठरवलं होतं, प्रत्यक्षात जमलं बारा टक्क्यांच्या आसपास. हृदयाच्या दृष्टीनं बरीच मोजमापं सुधारली, आणि सोबत कंबरेच्या, मणक्याच्या हाडांची घनता उतरली. चाळिशीनंतर कंबर धरून बसणाऱ्या बाया आमच्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांच्यासाठी हा निष्कर्ष पहिल्या ओळीत सांगायला हवा होता. २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझू इथं १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर तपासून पाहिलं. एका गटानं उष्मांक कमी केले, दुसऱ्यानं तेवढेच कमी करून शिवाय दिवसातल्या आठ तासांतच खाल्लं. दोन गटांच्या उतरलेल्या वजनांत एकमेकांपासून म्हणावा असा फरक पडला नाही. घड्याळ लावून खाण्याची जादू तिथंच संपते.

आता वावरात येऊ. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये ठरवलेल्या गरजेप्रमाणे ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला साधारण १६६० उष्मांक लागतात. जड काम करणारीला २७२० लागतात. फरक हजाराच्या वर, म्हणजे ज्वारीच्या तीन-चार मोठ्या भाकरींइतका. त्यात गरोदरपण धरलेलं नाही, अंगावर पिणारं मूल धरलेलं नाही. शहरातल्या बाईनं एक जेवण टाळलं तर ती आपल्या गरजेच्या आसपास येत असेल. वावरातली बाई एक जेवण टाळते तेव्हा ती अंगातलं मांस मोडून तण काढते.

मजुराच्या पोटाचा हिशेब कमी धरण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. राज्यात शेतमजुरांचं किमान वेतन ठरवताना वि. स. पागे समितीच्या हिशेबात मजुराची अन्नाची गरज कमी धरली गेली होती, हे डॉ. अभय बंग यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्धा जिल्ह्यात अभ्यास करून दाखवून दिलं, आणि पुढे रोजी वाढली. तेव्हा कागदावर उष्मांक कमी धरून मजुराची रोजी कमी ठेवली जात होती. आता तेच कमी उष्मांक आरोग्याच्या नावानं त्याच मजुराला शिकवले जात आहेत, आणि कोणाला त्यात काही खटकत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

उपासाच्या दिवशी ती काय खाते तेही पाहा. निंदणावर दुपारी बाया झाडाखाली बसतात, डबे उघडतात. एखादी बाजूला बसलेली असते. "काहून वो काकू, डबा नाई आणला?" विचारलं की उत्तर येतं, "आज सोमवार हाय न." सकाळी चहा, दहाला चहा, दुपारी जमलं तर साबुदाण्याची उसळ, चारला पुन्हा चहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिनं नावापुरती, लोह नगण्य. शेंगदाण्याचा कूट सढळ असेल तर थोडा आधार, पण शेंगदाणे महाग झाले की आधी कूटच कमी होतो. आणि जेवणासोबतचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, हे पक्कं माहीत आहे. ज्यांना परवडतं त्यांच्या उपासाला राजगिऱ्याचे लाडू असतात, दूध असतं, केळी असतात, खजूर असतो. एकाच व्रताची ही दोन ताटं आहेत आणि सल्ला देणाऱ्यानं पहिलं ताट कधी पाहिलेलं नसतं.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ दरम्यान, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. पुरुषांत हेच प्रमाण शंभरात २२ च्या आसपास. राज्यातली पाचांतली साधारण एक बाई गरजेपेक्षा कमी वजनाची आहे. गावातला उपास कोणाच्या वाट्याला येतो? घरात सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी पाळणारी बहुतेक ठिकाणी बाईच असते, आणि उपास नसलेल्या दिवशी सगळ्यांत शेवटी जेवणारीही तीच असते. भाजी संपली असेल तर ठेचा आणि भाकर. हा उपास पंचांगात लिहिलेला नसतो, पण तो रोजचा आहे.

विदर्भाची आणखी एक गोष्ट आहे आणि ती सांगायलाच हवी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर ते मेळघाटापर्यंत सिकलसेलचे रुग्ण आहेत. आदिवासींत आहेत, दलितांत आहेत, काही इतर मागास समाजांतही आहेत. या आजारात अंगातलं पाणी कमी झालं, ऊन लागलं, शीण पडला, की रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नसांत अडकतात आणि असह्य कळा सुरू होतात. जिवावरही बेततं. अशा मुलीनं हरतालिकेला निर्जळी उपास धरणं किंवा मोबाइलवर पाहून 'ड्राय फास्टिंग' करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. अनेकींना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नसतं. चंद्रपूर देशातल्या अतिउष्ण शहरांत गणलं जातं. त्या जिल्ह्यात पाणी न पिता राहण्याचा सल्ला कोणीही, कोणत्याही कारणानं देऊ नये.

पोटातल्या लेकराबद्दल पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मोठं काम केलं आहे. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून त्यांच्या गटानं गरोदर बायांची आणि पुढे त्यांच्या मुलांची पाहणी केली. ज्या बायांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध जास्त, त्यांची बाळं जन्मतः मोठी. ज्यांच्या वाट्याला शेताचं आणि घरचं काम जास्त, त्यांची बाळं लहान. आणि आपल्याकडची लहान जन्मलेली बाळं दिसायला रोड असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं, पुढे त्यांना मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणजे आज जो मधुमेह टाळायला आपण उपास सांगतो, त्याची एक मुळी आईच्या उपाशी पोटातच आहे. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली, तेव्हा आईच्या पोटात असलेल्या मुलांमध्येही मोठेपणी साखरेचे बिघाड जास्त दिसले. उपाशी राहण्याचा परिणाम नेहमी उपाशी राहणाऱ्यावरच होतो असं नाही.

यावर नेहमी एक उत्तर मिळतं. आमची आजी उपास करून शंभर वर्षं जगली. जगली असेल, आणि तिचा आदर आहे. पण गावात शंभर वर्षं मोजली कशी? आमच्याकडे जुन्या माणसांचा जन्म 'गांधी गेले तेव्हा मी पाळण्यात होतो' अशा खुणांवर ठरतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं तारीख लिहिली, म्हणून निम्म्या गावाचा वाढदिवस १ जुलैला येतो. जुन्या कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत, पण त्या उघडतात जातीचा दाखला काढताना. आजीचं वय त्यात कोणी पडताळून पाहत नाही. हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. दीर्घायुष्यासाठी जगभर गाजलेल्या जपानमध्ये २०१० मध्ये नोंदी तपासल्या, तेव्हा कागदावर जिवंत असलेल्या शंभरीपारच्या दोन लाख तीस हजारांहून जास्त माणसांचा पत्ताच लागला नाही. सॉल न्यूमन या अभ्यासकानं दाखवलं, की जिथं गरिबी जास्त आणि जन्मनोंदी कच्च्या, तिथं अतिवृद्धांची संख्या फुगलेली दिसते. ज्या प्रदेशांचं खाणं आपल्याला दीर्घायुष्याचं गुपित म्हणून विकलं जातं, त्यातल्या काहींची ही कथा आहे.

दुसरं असं, की त्या आजीसोबत जन्मलेल्या आणि पाचव्या वर्षाआधी गेलेल्या तिच्या भावंडांची आठवण कोणाला नसते. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशातलं सरासरी आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास होतं. तेव्हा लोक ज्वारी-अंबाडीच खात होते, घाण्याचंच तेल होतं, उपासही आजच्याहून कडक होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझात मध्यप्रांत-वऱ्हाड देशातल्या सगळ्यात जास्त मृत्यू झालेल्या भागांत होता. त्या वर्षी पाऊसही हुकला होता आणि धान्य महागलं होतं. आज सरासरी आयुष्य दुपटीहून जास्त झालं ते लस, स्वच्छ पाणी, प्रतिजैविकं, दवाखान्यातलं बाळंतपण आणि पोटभर धान्य यांमुळे. जुनं ते सगळं निरोगी होतं असं म्हणणारा माणूस त्या मेलेल्या लेकरांना मोजत नाही.

आयुष्य खाण्यानं वाढतं याचा ताजा आणि भक्कम पुरावा आपल्याच देशात आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटानं क्षयाच्या सगळ्या रुग्णांना आणि काहींच्या घरच्यांनाही दर महिन्याला शिधा दिला. तांदूळ, डाळ, रुग्णासाठी त्याशिवाय दूध पावडर आणि तेल. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. ज्या घरांत घरच्यांनाही शिधा मिळाला त्या घरांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला, फुप्फुसाचा संसर्गजन्य क्षय तर ४८ टक्क्यांनी. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं त्यांच्यातले मृत्यूही कमी झाले. यात नवं औषध नव्हतं, पिशवीत डाळ होती. क्षय हा विदर्भातल्या खेड्यांचा आणि आदिवासी पाड्यांचा ओळखीचा आजार आहे. तरी या प्रयोगाचा व्हिडिओ कोणी कोणाला पाठवलेला मी पाहिला नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. मधुमेह आणि रक्तदाब गावात आले आहेत. बैल गेले, ट्रॅक्टर आला, वावर ठेक्यानं दिलं, आणि दिवसभर पानटपरीवर, बाजार समितीत, मोटारसायकलवर असणारा एक वर्ग तयार झाला. त्याची पोटं सुटली आहेत. लग्नाच्या पंगतीत बुंदी, रात्री ढाब्यावर तेलानं थबथबलेली भाजी. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दोनदाच जेवण्याचा विचार मांडला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर नेला, तो या लोकांसाठी उपयोगाचा असू शकतो. वजन आणि मधुमेह हेच त्या मोहिमेचे विषय आहेत. अडचण पुढे होते. तो सल्ला गावात पोचेपर्यंत त्यावरची अट गळून पडते. ज्याला साखर आहे तो, ज्याला नाही तो, आठवीतली पोर, बाळंतीण, सगळ्यांना तो सारखाच लागू होतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं डॉक्टरला न विचारता जेवण टाळलं तर साखर एकदम उतरून तो वावरातच कोसळू शकतो, हे तर त्या व्हिडिओत सांगतच नाहीत.

आयुष्य कमी करणाऱ्या ज्या गोष्टी आमच्या समोर रोज घडतात, त्यांच्यावर मात्र आहाराची चर्चा येत नाही. पूर्व विदर्भात खर्रा आहे. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, खर्रा राहिला. बायाही खातात. एकीनं सांगितलं, "खर्रा खाल्ला की भूक लागत नाई, काम होते." हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, सोय म्हणून सांगितलं. तोंड उघडेनासं होतं, पुढे कर्करोग होतो, आणि तोवर भूक मारण्याचं काम तो इमानानं करतो. गडचिरोलीत डॉ. बंग यांच्या 'सर्च' या संस्थेच्या पुढाकारानं 'मुक्तिपथ' हे अभियान दारू-तंबाखूविरुद्ध गावोगाव चालतं. दीर्घायुष्यावर बोलायचं तर पहिलं बोलणं इथं व्हायला हवं.

आहाराचे सल्ले किती फिरतात तेही आपण पाहिलं आहे. ज्वारीची भाकर गरिबाची म्हणून आम्ही पोळीकडे वळलो, रेशननं गहू-तांदूळ दिला, वावरात सोयाबीन आलं. मग २०२३ हे भरडधान्यांचं जागतिक वर्ष झालं आणि तीच ज्वारी शहरात चढ्या भावानं विकली जाऊ लागली. अंड्यातल्या कोलेस्टेरॉलची भीती वर्षानुवर्षं घातली गेली, आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या आहारविषयक सूचनांतून त्याची रोजची मर्यादाच निघाली. लाखोळीच्या डाळीवर १९६१ मध्ये बंदी आली. भंडारा-गोंदियाकडे धानानंतर ती होतेच आणि लोक खातही राहिले. तिच्यानं पाय लुळे पडतात हे खरं, पण पडतात ते दुसरं काही न मिळता महिनोन्‌महिने तीच खावी लागली तर. दुष्काळात असं झालं, मध्य प्रदेशात मालकांनी मजुरी म्हणून तीच दिली तिथं झालं. भाजीपाला, भात आणि थोडी लाखोळी खाणाऱ्याचं ताट वेगळं होतं. ताट कोणाचं हे न विचारता दिलेला कोणताही निर्णय मला म्हणूनच पटत नाही.

व्रताबद्दल मला एक शब्दही वाकडा बोलायचा नाही. वर्धा ही गांधींची आणि विनोबांची भूमी आहे. गांधीजींना सव्वाशे वर्षं जगायची इच्छा होती, आणि त्यांनीच प्राण पणाला लावून उपास केले. उपास त्यांनी आयुष्य वाढावं म्हणून केले नव्हते. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न, पाणी, औषध सोडलं ते देह ठेवण्यासाठी. गावातली बाई सोमवार धरते तेव्हा ती नवऱ्यासाठी, लेकरासाठी, पिकासाठी काही मागते, किंवा काहीच न मागता महादेवाला आपला एक दिवस देते. त्या श्रद्धेला वजन कमी करण्याचा, पेशी साफ करण्याचा नवा अर्थ जोडून कोणी तिचा मान वाढवत नाही. उलट त्यामुळे तिला उपास सोडणं जास्त कठीण होतं. आजवर सासू म्हणायची म्हणून उपास होता, आता डॉक्टरही म्हणतात असं तिला वाटतं. आपल्या परंपरेत आजारी, गरोदर, बाळंतीण, लेकरं आणि म्हातारी माणसं यांना उपासातून मोकळीक आहे, ही गोष्ट कीर्तनकारांनी सप्ताहात मोठ्यानं सांगावी. निंदणाला जाणारीनं दूध, केळं, शेंगदाणे-गुळाचा लाडू, राजगिरा पोटभर घ्यावा, भगर ताजी आणि स्वच्छ असावी, आणि पाणी कोणत्याही व्रतात सोडू नये. लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात २०२४ च्या फेब्रुवारीत एकादशीच्या भगर-आमटीतून शेकडो लोकांना विषबाधा झाली. रस्त्यावर, झाडांना दोऱ्या बांधून सलाइन लावावं लागलं. उपासाचं अन्न पवित्र असलं तरी त्याला बुरशी लागते.

सरकारकडून अपेक्षा आहे ती उपदेशाची नाही. शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं राज्यानं २०२३ च्या नोव्हेंबरात ठरवलं आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी काढून घेतला. एका अंड्याचा खर्च जड झाला. आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं ताजं जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. वर्धा-यवतमाळच्या बिगरआदिवासी भागातल्या मजूर बाईला ती लागू नाही, जणू तिथं कोणी उपाशी पोटी गरोदर राहतच नाही. अन्न सुरक्षा कायद्यात माणशी महिन्याला पाच किलो धान्य आहे, डाळ नाही. पोट भरतं, अंग भरत नाही.

डाळ आमच्याच वावरात पिकते. कापसाच्या ओळींमधली तूर विदर्भात सगळीकडे दिसते. ती खुडणाऱ्या, बडवणाऱ्या, पोत्यात भरणाऱ्या बाईच्या घरी मात्र वरण पातळ असतं, कारण तीच तूर डाळ होऊन परत येते तेव्हा तिला परवडत नाही. रेशनवर माणशी महिन्याला किमान एक किलो तूरडाळ द्यावी, आणि ती इथल्याच शेतकऱ्याकडून हमीभावानं घेऊन द्यावी. तोवर जे कोणी गावात उपवासाचं, कमी खाण्याचं शिबिर भरवतील, त्यांनी सोबत वजनकाटा, रक्ताची आणि सिकलसेलची तपासणी आणावी, आणि काट्यावर जी कमी भरेल तिला जेवायला सांगून घरी पाठवावं.